ईस्ट पॅलेस्टाइन, ६ फेब्रुवारी २०२३ : वाघिणी फोडायच्या की थांबायचं?

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या पूर्व टोकाला, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेला लागून ईस्ट पॅलेस्टाइन नावाचं छोटं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आत. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री तिथे रसायनं नेणारी मालगाडी रुळावरून घसरली आणि तीन दिवसांनी पाच वाघिणींमधलं, म्हणजे मालडब्यांमधलं, व्हिनाइल क्लोराइड मुद्दाम बाहेर काढून पेटवण्यात आलं. त्या काळ्या ढगाची चित्रं जगभर गेली. त्या ढगाआधीच्या बहात्तर तासांत काय घडलं, कोणाकडे कोणती माहिती होती आणि ती कुठे अडली, याबद्दल मात्र त्या मानाने कमी बोललं गेलं. हा अभ्यास त्या तासांचा आहे.

गाव आणि तारीख सर्वांना माहीत असल्यामुळे ती लपवण्यात अर्थ नाही. माणसांची आणि कंपन्यांची नावं मात्र इथे घेतलेली नाहीत. प्रत्येकाला त्याच्या कामानेच ओळखायचं: घटनाप्रमुख म्हणजे गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, वाहतूकदार म्हणजे रेल्वे कंपनी, उत्पादक म्हणजे व्हिनाइल क्लोराइड बनवणारी कंपनी, आणि कंत्राटदार म्हणजे अपघातग्रस्त वाघिणी हाताळण्यासाठी रेल्वे कंपनीने बोलावलेल्या तज्ज्ञ संस्था. घटनेचा तपास अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केला आणि जून २०२४ मध्ये त्याच गावात जाहीर बैठक घेऊन निष्कर्ष मांडले. पुढचा बहुतेक तपशील त्या तपासातून सार्वजनिक झालेला आहे.

पार्श्वभूमी

गाडी इलिनॉय राज्यातून पेनसिल्व्हेनियाकडे निघाली होती. १४९ वाघिणींची. त्यातल्या एका वाघिणीच्या चाकाचं बेअरिंग तापत चाललं होतं. रुळालगत ठरावीक अंतरावर तापमान मोजणारी यंत्रं बसवलेली असतात. पहिल्या यंत्राने बेअरिंग हवेपेक्षा साधारण २१ अंश सेल्सियसने जास्त गरम असल्याचं टिपलं, पुढच्याने ५७ अंशांनी. कंपनीच्या नियमाप्रमाणे गाडी थांबवण्याची पातळी यापेक्षा बरीच वर होती. त्यामुळे चालकापर्यंत काहीच पोचलं नाही. पुढचं यंत्र सुमारे ३१ किलोमीटरवर, गावाच्या तोंडाशी होतं. तिथे आकडा १४० अंशांवर गेला, इशारा वाजला, चालकाने ब्रेक लावले. तोवर बेअरिंग निकामी झालं होतं. रात्री नऊच्या सुमारास ३८ वाघिणी घसरल्या. त्यातल्या ११ वाघिणींमध्ये घातक माल होता.

घसरताना ज्या तीन टाक्या फुटल्या त्यांत ज्वालाग्राही द्रव होते. व्हिनाइल क्लोराइडच्या पाच वाघिणी जाड पत्र्याच्या, दाब सहन करणाऱ्या होत्या आणि त्या आपटूनही फुटल्या नाहीत. आग लागली ती बाजूच्या मालाला. ती आग या पाच वाघिणींना तापवू लागली, आणि तीन दिवसांचा सगळा पेच तिथून सुरू झाला.

रसायन

व्हिनाइल क्लोराइड आपल्यापासून फार लांबचं नाही. घरातले पीव्हीसीचे पाइप, वायरींवरचं आवरण, खिडक्यांच्या चौकटी या सगळ्याचा तो कच्चा माल. उत्कलनबिंदू उणे १३ अंश सेल्सियस, म्हणजे साध्या हवामानात तो वायूच असतो आणि वाघिणीत दाबाखाली द्रवरूपात नेतात. वाफ हवेच्या दुपटीहून जड, त्यामुळे ती जमिनीलगत, नाल्यात, तळघरात साचते. हवेत ३.६ ते ३३ टक्के मिसळली की पेट घेऊ शकते. इतका रुंद पट्टा असलेल्या वायूपाशी ठिणगीला जागाच ठेवता येत नाही.

विषारीपणाची बाजू दुहेरी आहे. एकदम जास्त प्रमाणात श्वासात गेला तर गुंगी येते, शुद्ध हरपते. वर्षानुवर्षं थोडा थोडा गेला तर यकृताचा एक दुर्मीळ कर्करोग होतो. हे १९७४ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिलच्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांमुळे उघड झालं आणि त्यानंतर अमेरिकेत कामाच्या जागेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दहा लाखांत एक भाग इतकी खाली आणली गेली. वास मात्र हजारो भागांपर्यंत पोचल्याशिवाय नीट येत नाही. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ हे वाक्य या रसायनापाशी कोणी उच्चारू नये. मोजणारं यंत्र हातात हवं.

आणि तो जळतो तेव्हा? पूर्ण ज्वलन झालं तर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि हायड्रोजन क्लोराइड तयार होतं. रेणुभारांचा साधा हिशेब केला तरी दर किलो व्हिनाइल क्लोराइडमागे अर्धा किलोहून जास्त हायड्रोजन क्लोराइड निघतं. ज्वलन अपुरं राहिलं तर काजळी आणि इतर क्लोरीनयुक्त संयुगं, थोड्या प्रमाणात फॉस्जीन हा विषारी वायूही. ही यादी पुढे निर्णयाच्या वेळी कामाला येईल.

पहिली रात्र

आजूबाजूच्या गावांतली अग्निशमन दलं धावत आली. पुढे ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या तीन राज्यांतली मिळून शेकडो माणसं या कामात उतरली. त्यांतले बरेच स्वयंसेवक होते. दिवसा दुसरं काम करणारी, हाक आली की गाडी काढणारी ही माणसं. कडाक्याची थंडी, पारा शून्याच्या बराच खाली. घरं आगीपासून थोड्याच अंतरावर. अशा वेळी कोणीही जे करेल तेच त्यांनी केलं. जवळ जाऊन पाणी मारायला सुरुवात केली. त्यांच्या धैर्याबद्दल मला यत्किंचितही शंका नाही. पण त्या क्षणी ते कशावर पाणी मारत होते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वाघिणींवर चौकोनी, रंगीत धोकाफलक असतात, त्यावर चार अंकी क्रमांक असतो. तो वाचून मार्गदर्शिकेत बघायचं, ही पहिली पायरी प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. इथे फलक प्लास्टिकचे होते आणि आगीत वितळून गेले होते. दुसरा आधार म्हणजे गाडीतल्या मालाची यादी, कितव्या वाघिणीत काय. ती रेल्वे कंपनीकडे होती. घटनास्थळी ती पोचायला उशीर झाला. सुरक्षा मंडळाने स्पष्ट म्हटलं की या उशिरामुळे लोकांना हलवणं लांबलं आणि जवान व रहिवासी दोघेही जास्त वेळ धुरात राहिले. त्यात भर म्हणजे वेगवेगळ्या दलांचे वायरलेस संच एकमेकांशी जुळत नव्हते, आणि राज्यात स्वयंसेवी जवानांना दिलं जाणारं प्रशिक्षण अशा प्रसंगाला पुरेसं नव्हतं.

यादी हाती येताच घटनाप्रमुखाने एक मैलाच्या परिघातली वस्ती रिकामी करायला सांगितली. सुमारे दोन हजार माणसं. व्हिनाइल क्लोराइडची वाघीण आगीत असेल तर १६०० मीटर मोकळं करा, हेच उत्तर अमेरिकेतल्या आपत्कालीन मार्गदर्शिकेतही आहे. म्हणजे माहिती मिळाल्यावर निर्णय योग्य आणि झटपट झाला. हे मुद्दाम नोंदवतो, कारण तीन दिवसांनी हाच घटनाप्रमुख ज्या निर्णयाबद्दल जगाच्या नजरेत आला, त्या वेळी त्याच्या हातात अशीच पूर्ण माहिती असती तर तो काय करता, हा प्रश्न मला सुटत नाही.

अडचण कशी वाढली

४ फेब्रुवारीला, शनिवारी, व्हिनाइल क्लोराइडच्या एका वाघिणीची सुरक्षा झडप उघडली आणि तासाहून जास्त वेळ वाफ जोरात बाहेर पडत राहिली. मग ती थांबली.

झडप उघडणं ही वाईट बातमी वाटते, पण झडपेचं कामच ते आहे. आतला दाब वाढला की सोडायचा, उतरला की पुन्हा बंद व्हायचं. थांबल्यावर दोन अर्थ निघतात. एक, आग ओसरली, दाब उतरला, झडप नीट बसली. दोन, झडपेत काहीतरी अडकलं, आत दाब वाढतोच आहे आणि आता तो सुटायला वाट नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. कंत्राटदारांनी दुसरा अर्थ धरला. माणसं मागे घेतली. इथवर त्यांना दोष देता येत नाही. आगीत तापलेल्या, दाबाखालच्या टाकीपाशी शंका आली की मागे सरायचं, हा नियम लोकांच्या जिवावर शिकलेला आहे.

पण दुसऱ्या अर्थाच्या मागोमाग एक रासायनिक भीती आली, ती म्हणजे पॉलिमरायझेशनची. व्हिनाइल क्लोराइडचे रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागले की उष्णता निघते, उष्णतेने जोडणी वेगाने होते, आणि हे चक्र सुटलं की टाकी आतूनच तापून फुटते. तसं झालं असतं तर बाहेरची आग विझूनही उपयोग नव्हता. मार्गदर्शिकेत या रसायनापुढे पॉलिमरायझेशनची खूण आहे. उत्पादकाच्या सुरक्षा माहितीपत्रकातही हा धोका लिहिलेला होता. कागद वाचणाऱ्याला भीती वाटावी अशीच परिस्थिती होती.

रविवारी, ५ तारखेला, एका वाघिणीचं तापमान ५७ अंश सेल्सियसच्या आसपास मोजलं गेलं. त्या संध्याकाळी राज्याच्या राज्यपालांनी लोकांना इशारा दिला की वाघीण फुटून तुकडे दूरवर उडू शकतात, मागे थांबलेल्यांनी ताबडतोब बाहेर पडावं.

त्याच वेळी उत्पादक कंपनीची माणसं घटनास्थळी पोचलेली होती. हे रसायन रोज बनवणारी, साठवणारी माणसं. त्यांचं मत असं होतं की पॉलिमरायझेशन सुरू असल्याचं दिसत नाही. तशी अभिक्रिया सुरू व्हायला नुसती उष्णता पुरत नाही, टाकीत ऑक्सिजनसारखं काहीतरी शिरावं लागतं, आणि या टाक्या फुटलेल्या नव्हत्या. हे त्यांनी कंत्राटदारांना सांगितलं. कंत्राटदारांनी ते पुरेसं मानलं नाही. कंपनीचं स्वतःचंच माहितीपत्रक उलट सांगत असताना तिच्या माणसांवर विश्वास का ठेवायचा, असा प्रश्न त्यांना पडला असेल तर तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. पण मत पटणं न पटणं हा एक भाग झाला. ते मत घटनाप्रमुखापर्यंत गेलंच नाही. उत्पादकाची माणसं गावात आहेत हेही त्याला माहीत नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

समोरचे पर्याय

कागदावर पाच वाटा होत्या.

माल दुसऱ्या टाकीत उपसून घेणं हा सर्वांत स्वच्छ मार्ग. पण त्यासाठी झडपा शाबूत हव्यात आणि माणसांना वाघिणीवर चढून तासन् तास काम करावं लागतं. जळालेल्या, ढिगाऱ्यात अडकलेल्या वाघिणींवर हे धोक्याचं होतं. दुसरा मार्ग म्हणजे टाकीला नवीन भोक पाडून, जोडणी बसवून माल काढणं. त्यातही माणूस टाकीला चिकटूनच उभा राहतो, आणि आगीने पत्रा कितपत कमकुवत झाला आहे ते कळत नाही. तिसरा, नुसता वायू हळूहळू हवेत सोडणं. जड, विषारी, ज्वालाग्राही वाफ गावाच्या सखल भागात साचली असती, म्हणून तो बाद.

चौथा मार्ग म्हणजे टाक्यांना स्फोटकांनी भोकं पाडून द्रव खड्ड्यात सोडायचा आणि तिथे पेटवून द्यायचा. माणूस दूर राहतो, टाकी अचानक फुटण्याची भीती संपते. बदल्यात सगळा माल, साधारण ४ लाख ३७ हजार लिटर, एकदम जळतो आणि धूर गावावरून जातो. रेल्वे उद्योगात हा शेवटचा उपाय मानतात. दुसरं काहीच शक्य नसेल आणि टाकी स्वतःहून फुटणार हे जवळजवळ नक्की असेल तेव्हाच.

पाचवा मार्ग दिसायला सर्वांत दुबळा: लोकांना बाहेरच ठेवून थांबायचं, दुरून तापमान मोजत राहायचं, टाक्या थंड होऊ द्यायच्या. हा पर्याय सभागृहात मांडायला अवघड असतो. ‘आम्ही काय करतोय?’ या प्रश्नाला ‘मोजतोय आणि थांबलोय’ असं उत्तर देण्यासाठी मोठा विश्वास लागतो, आणि तो विश्वास फक्त आकड्यांमधून येतो.

आकडे काय म्हणत होते? ज्या वाघिणीची सर्वांत जास्त चिंता होती तिचं तापमान रविवारच्या ५७ अंशांच्या आसपासवरून सोमवारपर्यंत ५२ च्या आसपास उतरलं होतं. सुटलेलं पॉलिमरायझेशन असं उतरत नाही. ते चढतं, आणि चढताना वेग घेतं. सुरक्षा मंडळाने नंतर याच उताराकडे बोट दाखवलं. एक वाघीण, एका जागेवरचं मोजमाप, दुरून घेतलेलं, हे सगळं मान्य. एकेका आकड्यावर शंका घेता येते. पण दिशेवर?

६ फेब्रुवारीची दुपार

सोमवारी दुपारी निर्णयाची बैठक झाली. कंत्राटदारांनी फोडून जाळण्याची शिफारस केली. एखादी वाघीण स्वतःहून फुटली तर तुकडे आणि आग कुठवर जातील याचं चित्र समोर ठेवलं गेलं. राज्यपाल, त्यांचे सल्लागार, शेजारच्या राज्याचे प्रतिनिधी असे अनेक लोक या चर्चांमध्ये होते. शेवटचा शब्द मात्र घटनाप्रमुखाचा होता. उजेड असेपर्यंत काम व्हायला हवं आणि ठरवायला तेरा मिनिटं आहेत, असं त्याला सांगण्यात आलं.

तेरा मिनिटं. आग लागून जवळजवळ तीन दिवस झाले होते. वस्ती आधीच रिकामी होती. तापमान उतरत होतं. घाई वाघिणीने लावली नव्हती, मावळतीने लावली होती. अंधारात स्फोटकं लावणं धोक्याचं, हे खरं. पण मग उरलेला पर्याय ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ हाही होता, आणि त्या रात्रीत तापमानाचे आणखी दहा-बारा तासांचे आकडे मिळाले असते. तो पर्याय कोणी मोठ्याने उच्चारला नाही, कारण ज्याला अंतिम होकार द्यायचा होता त्याच्यासमोर चित्र असं होतं: आत्ता नियंत्रित स्फोट, नाहीतर कधीही अनियंत्रित. या दोन्हीतून निवडायचं असेल तर कोणीही शहाणा माणूस पहिलाच निवडेल. त्याने तेच केलं. मला त्याच्या निवडीत दोष दिसत नाही. त्याच्यासमोर ताट वाढतानाच अर्धे पदार्थ स्वयंपाकघरात ठेवले गेले होते.

कंत्राटदारांनी नंतरही आपल्या शिफारशीचं समर्थन केलं. त्यांच्या दृष्टीने झडपा भरवशाच्या राहिल्या नव्हत्या, तापमान मोजण्याची सोय अपुरी होती, आणि चूक झाली तर माणसं मेली असती. हा युक्तिवाद मनापासूनचा असेल. सुरक्षा मंडळाने मात्र पुरावा तपासून निष्कर्ष काढला की वाघिणींमध्ये पॉलिमरायझेशन चालू नव्हतं, फोडून जाळणं आवश्यक नव्हतं, आणि वेगळं मत घटनाप्रमुखापर्यंत न पोचवल्याने निर्णयाचा पायाच कच्चा राहिला.

काय केलं गेलं

रिकामा करायचा भाग शेजारच्या राज्यापर्यंत वाढवून साधारण एक मैल बाय दोन मैल केला. वाघिणींजवळ खड्डे-चर खणून बांध घातले. प्रत्येक टाकीवर छोटी स्फोटकं लावली. वरच्या भागातलं भोक वाफेचा दाब सोडतं, खालचं द्रवाला वाट देतं. खड्ड्यात पेटते दिवे ठेवले की द्रव पोचताच जळावा. साडेचारच्या सुमारास स्फोट झाले. तांत्रिकदृष्ट्या काम ठरल्याप्रमाणे झालं, कोणीही जखमी झालं नाही. काळा ढग वर चढला, पसरला.

८ तारखेला लोकांना घरी परतायची परवानगी मिळाली. रेल्वेगाड्याही लगेच सुरू झाल्या. रूळ पुन्हा घालताना खालची दूषित माती तशीच राहिली होती. पुढे पर्यावरण खात्याच्या दबावाखाली ते रूळ उचलून माती काढावी लागली. हा निर्णय फारसा चर्चेत येत नाही, पण गावाला तो फार लागला. आपल्या घरांच्या आधी मालगाड्या सुरळीत झाल्या, ही भावना तिथल्या लोकांनी पुढे अनेक सभांमध्ये बोलून दाखवली.

परिणाम

कोणाचा जीव गेला नाही. ही गोष्ट पहिल्या ओळीत यायला हवी.

पाण्याचं नुकसान मोठं होतं. फुटलेल्या टाक्यांतला माल आणि आगीवर मारलेलं पाणी गावातल्या ओढ्यांत गेलं. राज्याच्या नैसर्गिक संपदा विभागाच्या अंदाजाने ४३ हजारांहून जास्त जलचर मेले, बहुतेक लहान मासे. परतलेल्या लोकांनी डोकेदुखी, पुरळ, घसा आणि छातीच्या तक्रारी सांगितल्या. हवेची मोजमापं सुरक्षित येत होती आणि लोकांच्या नाकातून वास जात नव्हता. यातून जी दरी पडली ती वर्षानंतरही भरली नव्हती. अपुऱ्या ज्वलनातून डायऑक्सिन हे अतिशय विषारी क्लोरीनयुक्त संयुग तयार झालं का, हा प्रश्न रहिवाशांनी आधी विचारला. त्याची चाचणी करण्याचा आदेश मार्चच्या सुरुवातीला निघाला.

पैशाच्या बाजूने, रेल्वे कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये रहिवासी आणि व्यावसायिकांच्या सामूहिक दाव्यात ६० कोटी डॉलर आणि मे २०२४ मध्ये केंद्र सरकारशी ३१ कोटी डॉलरच्या वर तडजोड मान्य केली.

वेगळं काय करता आलं असतं

मालाची यादी पहिल्या फोनबरोबर गेली पाहिजे. गाडी सुटताना ती संगणकात असतेच. गाडी घसरल्याचं कळलं की ती त्या भागातल्या नियंत्रण कक्षाला आपोआप जावी, कोणी मागण्याची वाट बघू नये. धोकाफलक आगीत टिकणारे असावेत, हेही सुरक्षा मंडळाने सुचवलं. ज्या चिन्हाची गरज आगीत सर्वांत जास्त, ते आगीत पहिलं नाहीसं होत होतं.

काय आहे ते कळत नाही तोवर वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब थांबायचं. पाणी मारायचंच असेल तर माणूस न लागणाऱ्या नळ्यांनी, आणि ते टाकी थंड ठेवण्यासाठी, झडपेवर नाही. गळणाऱ्या वायूची आग गळती बंद करता येत नसेल तर विझवायची नाही, कारण न जळलेली वाफ पुढे जाऊन दुसरीकडे पेट घेते. झडपेचा आवाज चढू लागला किंवा टाकीचा रंग बदलू लागला की सगळं टाकून मागे फिरायचं. हे नियम मार्गदर्शिकेत आहेत. पण रात्री नऊ वाजता, उणे तापमानात, शेजाऱ्याचं घर समोर असताना ते आठवायला सराव लागतो, आणि तो सराव स्वयंसेवकाला मिळालेला नव्हता. व्हिनाइल क्लोराइडच्याच बाबतीत न्यू जर्सीतल्या पॉल्सबरोला २०१२ मध्ये पुलावरून वाघिणी घसरून एक फुटली, तेव्हाही जवान श्वसनसाधनांशिवाय फार जवळ काम करत होते, ही नोंद तपासात आहे. दहा वर्षांनी तीच उणीव पुन्हा दिसली.

उत्पादकाच्या माहितीपत्रकाबद्दल थोडं कडक बोलायला हवं. सावधगिरी म्हणून प्रत्येक संभाव्य धोका लिहून टाकायचा, कोणत्या परिस्थितीत तो घडतो हे लिहायचं नाही, ही सवय जगभर आहे. शांत दिवशी त्याने काही बिघडत नाही. संकटात मात्र तेच वाक्य निर्णयाचा आधार होतं. ‘पॉलिमरायझेशन होऊ शकतं’ एवढंच नको. हवा शिरली तर, अमुक तापमानाला, इतक्या वेळात, असं लिहिलं असतं तर उत्पादकाच्या माणसांना स्वतःच्याच कागदाविरुद्ध बोलावं लागलं नसतं.

आणि बैठक. कंत्राटदाराला पैसे वाहतूकदार देतो, आणि वाहतूकदाराचा मार्ग बंद पडलेला असतो. यात कोणाची नियत वाईट होती असा माझा दावा नाही. तपासात तसा निष्कर्षही नाही. तरीही अशा वेळी घटनाप्रमुखाने कंत्राटदाराची शिफारस ऐकून झाल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात: हा माल कोणी बनवला आणि त्यांचा माणूस कुठे आहे, तुमच्याशी असहमत कोण आहे, आणि बारा तास थांबलो तर नेमकं काय बिघडेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मागावं. त्या दुपारी हे विचारायला तेरा मिनिटंही पुरली असती.

आपल्याकडे रचना वेगळी आहे, अडचण मात्र ओळखीची. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्हा संकट गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. म्हणजे रसायनशास्त्र ज्याचा रोजचा विषय नाही अशा अधिकाऱ्यालाच शेवटी ठरवायचं असतं. टँकरवर धोकाफलक आणि चालकाजवळ आपत्कालीन माहितीपत्रक असणं मोटार वाहन नियमांनी सक्तीचं केलं आहे. औद्योगिक पट्ट्यांमध्ये कारखाने एकमेकांना मदत करण्यासाठी गट करतात, तिथे त्या रसायनाची नस माहीत असलेली माणसं असतात. ती माणसं जिल्हाधिकाऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतात की फाटकाबाहेर थांबतात, हे आराखड्यात लिहिलेलं असावं.

मॉक ड्रिलमध्ये सायरन वाजतो, फोमचा मारा होतो, स्ट्रेचर धावतात. दोन जाणकारांची मतं उलट पडली आणि संध्याकाळ होत आली, हा प्रसंग त्यात नसतो. तो घालायला खर्च येत नाही. एका खोलीत घटनाप्रमुखाला बसवावं, एक तज्ज्ञ आत यावा आणि ‘फोडा’ म्हणावा, दुसऱ्याला बाहेरच्या ओसरीत थांबवावं, तापमानाचे उतरते आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती तिसऱ्याच माणसाच्या खिशात ठेवावी. मग घड्याळ लावून बघावं की बाहेरच्या माणसाला आत बोलवायचं कोणाला सुचतं आणि ती चिठ्ठी टेबलावर यायला किती वेळ लागतो.